समेवर कोण येते?

जॅझ, क्राउटरॉक आणि ट्रिप-हॉप ही तीन नावे हल्ली एकाच अल्बमच्या वर्णनात शेजारी शेजारी दिसतात. त्यात कुठे तबला वाजला, तंबोऱ्याची जोड मिसळली, की चौथे नाव गंगेचे किंवा बनारसचे येते आणि मुखपृष्ठावर पहाटेचा घाट. अशा संगीतावर लिहिणाऱ्याची एक अडचण असते. 'मिश्रण छान जमले आहे' किंवा 'मिश्रण जमलेले नाही' यापलीकडे तो फारसे काही बोलू शकत नाही, कारण जमणे म्हणजे काय हे त्याने ठरवलेले नसते. शुद्धतेचा आग्रह धरणारा या मिश्रणाला नाक मुरडतो. नव्याचे कौतुक करणारा प्रत्येक मिश्रणाला पूल म्हणतो. दोघांनाही प्रत्यक्ष ऐकण्याची तशी गरज उरत नाही.

हे जमणे कशाने मोजायचे, याचे एक माप बनारसच्या मैफलीत मिळते असे मला वाटते. ते लावून पाहण्यासाठी मी नव्या रेकॉर्डऐवजी एक जुनी रेकॉर्ड निवडली आहे. 'जॅझ मीट्स इंडिया' ही ती रेकॉर्ड. ती १९६७ साली जर्मनीत ध्वनिमुद्रित झाली. त्या वेळी क्राउटरॉक हा शब्द नव्हता आणि ट्रिप-हॉपला तर अजून पाव शतक अवकाश होता. तरीही तिच्यात वाजवणाऱ्यांची नावे पाहिली, तर पुढच्या तिन्ही वाटा त्या एका खोलीतून किंवा तिच्या उंबरठ्यावरून गेलेल्या दिसतात. आणि त्या खोलीत तबल्यावर बसले होते एक मराठी गृहस्थ, मुंबईचे केशव साठे.

साठे १९५० च्या दशकात लंडनला गेले. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६०च्या दशकात लंडनमध्ये पाच अधिक पाच अशा दहा वादकांचा संच जमवला, त्यात तबला साठ्यांचा होता आणि सतार दिवाण मोतिहार यांची. त्यांची 'इंडो-जॅझ सूट' ही रेकॉर्ड १९६६ ची. तिच्यातल्या चार रचनांपैकी दोन थेट मेघ आणि गौडसारंग या रागांची नावे घेऊन येतात. पुढच्याच वर्षी मोतिहार आणि साठे, सोबत तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर, असे तिघे जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्ड भागातल्या फिलिंगेन या गावी गेले. तिथे साबा नावाची रेडिओ बनवणारी कंपनी होती आणि तिचा स्वतःचा स्टुडिओ होता. जॅझचे समीक्षक आणि निर्माते योआखिम-अर्न्स्ट बेरेन्ट यांनी तिथे दुसऱ्या बाजूला उभे केलेले वादक असे : पियानोवर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइट्सर, त्यांच्या त्रयीतले बासवादक उली ट्रेप्टे आणि ड्रमवादक मानी नॉयमायर, शिवाय ट्रम्पेटवादक मानफ्रेड शोफ आणि सॅक्सोफोनवर फ्रेंच वादक बार्नी विलेन. विलेन यांनी ऐन विशीत, १९५७ साली, पॅरिसमध्ये माइल्स डेव्हिसबरोबर चित्रपटाचे पार्श्वसंगीत वाजवलेले होते.

आता या नावांचे पुढे काय झाले ते पाहा. ट्रेप्टे आणि नॉयमायर या दोघांनी वर्षभरात, १९६८ साली, 'गुरु गुरु' नावाचा बँड काढला. क्राउटरॉकचा इतिहास लिहिताना जी पहिली चार-पाच नावे घ्यावी लागतात त्यांत तो येतो. शोफ यांच्या पंचकात त्याआधी याकी लीबेत्साइट नावाचा ड्रमवादक होता. तो मुक्त जॅझला कंटाळून बाहेर पडला आणि त्याच १९६८ साली कोलोनमध्ये 'कॅन' या बँडचा कणा झाला. म्हणजे क्राउटरॉकचे दोन मोठे ड्रमवादक घ्या : एक या रेकॉर्डवर साठ्यांच्या शेजारी बसलेला आहे, दुसरा या रेकॉर्डवरच्या ट्रम्पेटवादकाच्या संचातून आलेला आहे. ही वंशावळ सांगून मी असे सुचवत नाही, की जर्मन रॉकला आपण ताल शिकवला. तसा दावा करणे हास्यास्पद ठरेल. मला एवढेच दाखवायचे आहे, की ज्या मिश्रणाला आज नवे म्हटले जाते त्यातले नातलग एकमेकांना फार पूर्वी भेटलेले आहेत, आणि त्या पहिल्या भेटीत जो प्रश्न सुटला नाही तोच आजच्या अल्बममध्ये पुन्हा पुढे येतो.

रेकॉर्डवर तीन रचना आहेत : 'सन लव्ह', 'याद' आणि 'ब्रिगाख अँड गँजेस'. तिसऱ्या नावात दोन नद्या आहेत. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी लहानशी नदी. थोडे पुढे डोनाउएशिंगेन गावाजवळ ती ब्रेग नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते आणि तिथून तो प्रवाह डॅन्यूब म्हणून ओळखला जातो. दुसरी नदी गंगा. नाव ठेवणाऱ्याच्या मनात संगम होता हे उघड आहे. पण गंगेचे नाव घेतले की तिचा एक विशेष लक्षात ठेवायला हवा. बनारसला ती उत्तरवाहिनी होते. समुद्राकडे निघालेली नदी तिथे वळण घेऊन काही अंतर पुन्हा हिमालयाच्या दिशेने वाहते. काशीचे माहात्म्य सांगणारे या वळणाकडे बोट दाखवतात. बनारसच्या संगीताबद्दल बोलतानाही मला ते उपयोगी वाटते, कारण त्या संगीतातही सगळे महत्त्वाचे परत येण्याशी निगडित आहे.

बनारस बाज हा तबल्याच्या प्रमुख बाजांपैकी एक. त्याचे प्रवर्तक पंडित रामसहाय लखनौला मोदू खाँ यांच्याकडे शिकले आणि मग बनारसला परतून त्यांनी हा बाज घडवला. खुला, घुमणारा हात आणि पखवाजाशी असलेले नाते ही त्याची ओळख. इथला एकल तबला पारंपरिकपणे 'उठान'ने सुरू होतो : वादक सुरुवातीलाच एक जोरकस झेप घेऊन समेवर येतो आणि मग ठेका स्थिर होतो. त्यानंतर बाँट, रेला, गत, परण, तुकडे, तिहाया. या सगळ्या काळात त्याच्या शेजारी सारंगी किंवा संवादिनी घेऊन बसलेला माणूस एकच ओळ वाजवत असतो. तिला लेहरा म्हणतात, कुणी नगमा म्हणतात. त्रितालाच्या सोळा मात्रांत बसलेली ती एकच ओळ तासभर, क्वचित त्याहून जास्त वेळ, जशीच्या तशी. लेहरा धरणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. पण तबलावादक कितीही दूर गेला, आडव्यातिडव्या लयीत शिरला, तरी त्याला आणि श्रोत्यांना घर कुठे आहे हे त्या ओळीमुळे कळत राहते. तिहाईचा शेवटचा 'धा' आणि लेहऱ्याचा पहिला स्वर एका क्षणी पडतात तेव्हा मैफलीतल्या सगळ्यांच्या माना एकदम हलतात.

पूरबच्या ठुमरीत याहून गमतीची गोष्ट घडते. गायिका बराच वेळ बोल फुलवत असते. एकच शब्द दहा रंगांत दाखवत असते, आणि तबला शांतपणे ठेका धरून असतो. शेवटाकडे लय बदलते, तबला लग्गी धरतो, आणि भूमिका उलटतात. आता गायिका मुखड्याची तीच ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि खेळतो तो तबलावादक. इतका वेळ जो वाट दाखवत होता तो आता फिरायला निघतो, आणि जी फिरत होती ती दिवा घेऊन दारात उभी राहते. गिरिजादेवींच्या ठुमरीचा शेवट ज्यांनी ऐकला असेल त्यांना ही अदलाबदल माहीत आहे. एका ओळीची पुनरावृत्ती इथेही आहे, आजच्या भाषेत तो लूपच आहे. फरक एवढाच, की तो कुणीतरी कुणासाठी तरी धरलेला आहे.

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो : पुनरावृत्ती आणि आवर्तन. पुनरावृत्तीत तीच गोष्ट पुन्हा होते. आवर्तनात कुणीतरी दूर जाऊन परत येते, आणि परत येईपर्यंत दुसरे कुणीतरी जागा धरून ठेवते. लांबून दोन्ही सारख्याच ऐकू येतात. जॅझ, क्राउटरॉक आणि ट्रिप-हॉप या तिन्हींचा पाया एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा वाजवण्यावर आहे. म्हणून वरवर पाहता ती सहज मिसळतात आणि तबलाही त्यांच्यात सहज बसेल असे वाटते. पण ती गोष्ट पुन्हा का वाजवायची, याची तिघांची कारणे वेगळी आहेत. मिश्रण जमते किंवा फसते ते तिथे.

या मापाने १९६७ ची रेकॉर्ड ऐकली तर काय दिसते? बारा बारचा ब्लूज किंवा बत्तीस बारचे गाणे, त्याच्या सुरावटींच्या चौकटीवर फेऱ्यांमागून फेऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येक फेरीत नवे काही सांगायचे, ही जॅझची जुनी रीत. ती आपल्या आवर्तनाच्या फार जवळची आहे. पण श्वाइट्सर, शोफ आणि त्यांचे मित्र १९६७ साली नेमकी हीच चौकट मोडण्यात गुंतले होते. युरोपातला मुक्त जॅझ त्या वर्षांत ऐन भरात होता. फेरी, सुरावट, ठरावीक लय ही त्यांना बंधने वाटत होती, आणि ती झुगारून देण्यात त्यांचे सगळे धैर्य होते. अशा वेळी त्यांची गाठ पडली अशा संगीताशी, ज्याचे सगळे स्वातंत्र्य चक्रावर उभे आहे. एकाने नुकतेच घर सोडले होते आणि दुसऱ्याला घराशिवाय फिरताच येत नव्हते. मग दोघांनी भेटायचे कुठे? तंबोऱ्यावर. षड्जाचा अखंड नाद दोघांनाही चालत होता.

म्हणून या रेकॉर्डवर सुरांची भेट होते आणि तालाची होत नाही. सतारीच्या आलापाच्या अंगाने पियानो सरकतो किंवा ट्रम्पेट तंबोऱ्याच्या नादात शिरतो, तेव्हा काही क्षण खरोखर सुंदर आहेत. त्यांत कुणी कुणाची नक्कल करत नाही. 'याद'मध्ये मोतिहार यांचा आवाज येतो तेव्हा बाकीचे अदबीने मागे राहतात. पण तबला आणि ड्रम एकत्र आले की दोन वेगळ्या घड्याळांची टिकटिक ऐकल्यासारखे होते. साठे ठेका सांभाळतात, नॉयमायर त्याच्याभोवती लाटा उठवतात. त्या लाटा जोरकस आहेत, पण त्या समेवर येत नाहीत, आणि त्यांनी यावे अशी कुणाची अपेक्षाही नाही. साठ्यांच्या हातून आलेली सम रिकाम्या खोलीत दिवा लावल्यासारखी पडते. तिला दाद द्यायला समोर कुणी नाही.

मेयर आणि हॅरियट यांच्या लंडनच्या संचात उलटे झाले होते. तिथे सम होती, कारण मेयर यांनी ती कागदावर लिहिलेली होती. दहाही वादक मात्रा मोजत होते आणि वेळेवर येत होते. तिथे शिस्त आहे, पण दूर जाण्याचा धोका थोडा आहे, आणि धोका थोडा म्हणून परत येण्याचा आनंदही थोडा. एका रेकॉर्डवर सम ठरवून दिलेली, दुसरीवर ती मोकळी सोडलेली. एकमेकांना ऐकत ऐकत समेवर येणे या दोन्हींत अपुरे राहते. मला तरी दोन्हींतला सर्वांत जागा माणूस साठे वाटतो. दोन्हीकडे त्याला तेच काम दिलेले आहे, जागा धरून ठेवण्याचे. लेहरा धरणाऱ्याचे काम त्याने तबल्यावर केले.

बेरेन्ट यांच्या नामकरणातही हा तोल दिसतो. 'जॅझ मीट्स द वर्ल्ड' या त्यांच्या मालिकेत बाली आहे, ट्युनिशिया आहे, भारत आहे. प्रत्येक वेळी भेटायला जाणारा जॅझ आहे आणि भेटला जाणारा कुठला तरी देश. बेरेन्ट यांचे भारताविषयीचे प्रेम खोटे नव्हते. पुढे १९८३ साली त्यांनी 'नादब्रह्म' याच नावाचे पुस्तक लिहिले. पण नादब्रह्म म्हणजे स्वर, तंबोरा, अखंडता. तालाला त्या आदरात जागा कमी मिळाली. पश्चिमेने भारताकडून जे घेतले त्यात हे बऱ्याचदा झाले आहे : नाद घेतला, मात्रा राहिल्या.

गंमत अशी, की हेच वादक थोड्याच काळात पुनरावृत्तीकडे वळले. लीबेत्साइटविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मुक्त जॅझ वाजवत असताना एका श्रोत्याने त्याला सांगितले, की तू एकसुरी वाजवायला हवे. त्याने ते मनावर घेतले. 'कॅन'च्या १९७१ च्या 'टागो मागो'मधली 'हालेलुवाह' ही रचना अठरा मिनिटे एकाच ठोक्यावर चालते. तो ठोका यंत्रासारखा नेमका आहे पण मेलेला नाही, त्यात मधूनमधून बारीक काहीतरी हलते. 'नॉय!' या बँडच्या क्लाऊस डिंगरने तर चार मात्रांचा सरळ ठोका घेतला आणि तो नुसता पुढे पुढे नेला. समीक्षकांनी त्याला 'मोटोरिक' म्हटले. १९७४ साली 'क्राफ्टवेर्क'ने 'आउटोबान' काढली, बावीस मिनिटांची, महामार्गावरच्या प्रवासाची.

या ठोक्याला सम नाही, आणि त्याला कारण आहे. युद्धानंतर वाढलेल्या त्या पिढीला आईबापांची गोड गाणी नको होती, आणि अमेरिकेचा ब्लूज आपला नाही हेही तिला कळत होते. मागे वळून पाहावे असे तिच्याजवळ फार थोडे होते. परतायला घर नसलेल्या माणसाने पुढे चालत राहावे, तसा तो ठोका चालतो. खुद्द 'क्राउट' हा शब्द युद्धकाळात जर्मनांना हिणवायला वापरला जाई, आणि ब्रिटिश पत्रकारांनी तोच या संगीताला चिकटवला. हे लक्षात घेतले, की मोटोरिक ठोक्यावर तबल्याची तिहाई वाजवणे किती अवघड आहे हे कळते. तिहाई येते, संपते, आणि तिच्या शेवटच्या 'धा'ला उतरायला जागा नसते. रस्ता तसाच पुढे चाललेला असतो.

ट्रिप-हॉपची गोष्ट तिसरी. हा शब्द १९९४ साली 'मिक्समॅग' या इंग्रजी मासिकाने चालवला, पण त्याची सुरुवात ब्रिस्टल शहरात आधीच झाली होती. 'मॅसिव्ह अटॅक'ची 'ब्लू लाइन्स' १९९१ ची. तिचे पहिलेच गाणे, 'सेफ फ्रॉम हार्म', बिली कॉबम यांच्या १९७३ च्या 'स्ट्रेटस' या रचनेतून घेतलेल्या तुकड्यावर उभे आहे. कॉबम हे जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'चे ड्रमवादक. पहिला महाविष्णू संच १९७३ च्या अखेरीस फुटला आणि त्यातून दोन वाटा निघाल्या. मॅक्लॉफ्लिन 'शक्ती'कडे गेले. तिथे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत ते मांडी घालून बसले, समेचा हिशेब शिकले आणि समेवर येण्याचा आनंद चेहऱ्यावर लपवू शकले नाहीत. कॉबम यांच्या हाताचा एक तुकडा मात्र अठरा वर्षांनी ब्रिस्टलला पोहोचला आणि तिथे तो स्वतःभोवती फिरत राहिला. एका घरातून निघालेल्या या दोन वाटांत आवर्तन आणि पुनरावृत्ती यांतला सगळा फरक आहे.

पण त्यामुळे दुसरी वाट हलकी ठरत नाही. ट्रिप-हॉपचा लूप मुद्दाम थांबलेला असतो. 'पोर्टिसहेड'ने १९९४ च्या 'डमी'साठी स्वतः वाजवलेले संगीत आधी तबकडीवर उतरवले आणि मग त्या तबकडीतून तुकडे उचलले, म्हणजे नव्या संगीतालाही खरखर यावी, जुनेपण यावे. हा लूप कुणाच्या परत येण्याची वाट पाहत नाही. जे गेले ते येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. दुःखात माणूस एकच वाक्य मनाशी घोळवत राहतो, तसा तो फिरतो. त्यात सच्चेपणा आहे. फक्त त्यात वाजवणारा माणूस समोर नसतो. त्याचा दोन बारांचा काळ तेवढा कापून आणलेला असतो, आणि तो तुकडा दुसऱ्या कुणाला ऐकून बदलू शकत नाही.

तबल्याच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. ड्रमचा दोन बारांचा तुकडा स्वतःपुरता पुरा असू शकतो. तबल्याचा ठेका तसा नसतो. 'धा धिं धिं धा' हे चार बोल कापून फिरवले, तर भरी आहे पण खाली नाही, आणि खाली नसेल तर सम कशाला म्हणायचे? आज अनेक अल्बमांत ऐकू येणारा तबला हा असा कापलेला तबला असतो. तो रंग आणतो, पुरावा देतो, की आपण भारतात आहोत. वादक मात्र तिथे नसतो. लंडनच्या ताल्विन सिंग यांच्यासारखा एखादा असतो जो स्वतः तबला शिकलेला आहे आणि यंत्रही जाणतो. १९९८ च्या 'ओके' या अल्बममध्ये, ज्याला पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्कार मिळाला, यंत्राचा ठोका आणि हाताचा बोल एकमेकांना डिवचतात, कारण दोन्ही एकाच माणसाच्या कानाखालून गेलेले आहेत. पण असे थोडे.

यावर कुणी विचारेल, की दुसऱ्याच्या संगीताला बनारसचे माप लावण्याचा आपल्याला काय अधिकार? आक्षेप रास्त आहे. मोटोरिकला सम नाही म्हणून तो अपुरा, असे मी म्हणत नाही. पण ज्या क्षणी एखादा अल्बम तबला आत घेतो, गंगेचे नाव घेतो, त्या क्षणी त्याने हे माप स्वतःहून मागवलेले असते. आणि बनारसचे माप हे शुद्धतेचे माप नाही. रामसहायांचे शिक्षण लखनौचे होते. बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई ज्या बालाजी मंदिरात रियाजाने मुरली त्या मंदिराचे नाते पेशव्यांशी आहे. याच गावचे सामताप्रसाद 'शोले'मध्ये बसंतीच्या टांग्यामागे धावतात, आणि दरोडेखोरांच्या त्या पाठलागात तबला एकटा जवळजवळ मोटोरिक होऊन दौडतो. त्यांच्याकडे तबला शिकलेल्या राहुलदेव बर्मन यांना ही कल्पना सुचली यात नवल नाही. बनारसने मिसळायला कधी नकार दिलेला नाही.

आपणही दिलेला नाही. गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या तेव्हा पूरबच्या ठुमरी-दादऱ्याचे ढंग मराठी पदांत उतरवले. खाडिलकरांचे शब्द, बालगंधर्वांचा गळा आणि बनारसच्या बाजूने आलेले वळण. त्या वेळी त्याला कुणी फ्यूजन म्हटले नाही. ते जमले, कारण गाणाऱ्याला आणि साथ करणाऱ्याला सम कुठे आहे हे माहीत होते, आणि प्रेक्षकांनाही. पिटातला माणूससुद्धा समेवर मान हलवत होता. मिश्रण पचले ते त्या सामायिक जागेमुळे.

तेव्हा जॅझ, क्राउटरॉक आणि ट्रिप-हॉप एकत्र आणणारा पुढचा अल्बम हाती येईल, आणि त्यात तबला असेल, तेव्हा वाद्यांची यादी बाजूला ठेवून तीन साध्या गोष्टी ऐकाव्यात. कोण दूर जाते? कोण जागा धरून ठेवते? आणि लग्गीसारखी एकदा तरी त्यांची अदलाबदल होते का? अल्बमला पुढेच जायचे असेल, परतायचे नसेल, तर ते त्याने बेधडक करावे. मग तबल्याला उगाच तिहाईचे सोंग देऊ नये. एकाच आठवणीभोवती फिरायचे असेल तर तेही करावे. जे फसते ते अर्धवट राहिलेले : पायाशी रस्ता पुढे धावतो आहे, वर कापलेला लूप फिरतो आहे, सॅक्सोफोन मोकळा सुटला आहे, आणि तबला त्या सगळ्यांसाठी एक घर राखून बसला आहे जिथे कुणीच येणार नाही.

केशव साठे पुढेही वाजवत राहिले. 'मॅजिक कार्पेट' या १९७२ च्या रेकॉर्डवर ते सतार आणि गिटारबरोबर आहेत. १९७७ मध्ये जॉन रेनबर्न यांच्या संचात जुन्या इंग्रजी लोकगीतांना त्यांचा ठेका आहे, आणि तिथे तो इतका सहज बसतो की ती गाणी तबल्यासाठीच रचली होती असे वाटावे. कदाचित म्हणूनच, की लोकगीताचे कडवे आणि ध्रुपद हे मुळातच जाणे आणि परत येणे आहे. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या युरोपीय रसिकांना हे नाव परिचित आहे. मराठीत तबल्यावर जे लिहिले जाते त्यात ते क्वचितच भेटते. साठ्यांचा हात ऐकायचा असेल तर मी 'सन लव्ह'च्या आधी रेनबर्नच्या संचाची ती रेकॉर्ड सुचवेन. तिथे त्यांनी दिलेली सम कुणीतरी घेते.